जाहीर सुनावण्या आणि परतणारी रॉकेटे: एका विनामूल्य सेवेचे परीक्षण

अमेरिकेच्या नासा या संस्थेला सुरक्षेविषयी सल्ला देणारे एक स्वतंत्र मंडळ आहे. १९६७ साली अपोलो-१ च्या यानात आग लागून तीन अंतराळवीर मृत्युमुखी पडले, त्यानंतर १९६८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ते स्थापन केले. मंडळ ठरावीक काळाने जाहीर बैठक घेते. ती फोनवरून कोणालाही ऐकता येते आणि तिचे इतिवृत्त पुढे प्रसिद्ध होते. ६ फेब्रुवारी २०२० रोजी झालेल्या अशाच एका बैठकीत मंडळाचे सदस्य पॉल हिल यांनी बोइंगच्या स्टारलायनर यानाविषयी तोपर्यंत जनतेपुढे न आलेली एक गोष्ट सांगितली. डिसेंबर २०१९ मधील मानवरहित चाचणीत यानाचे घड्याळ ११ तासांनी चुकल्यामुळे ते अंतराळ स्थानकापर्यंत पोहोचू शकले नाही, हे सर्वांना ठाऊक होते. परंतु त्याच उड्डाणात सॉफ्टवेअरमधील दुसरीही एक चूक सापडली होती. ती यान कक्षेत असतानाच दुरुस्त झाली नसती, तर परतीच्या वेळी यानाचा मागील भाग सुटा होताना त्याची छोटी इंजिने चुकीच्या क्रमाने पेटून यानच गमावण्याची वेळ आली असती. हे त्या बैठकीत प्रथम उघड झाले, आणि दुसऱ्याच दिवशी नासा व बोइंग यांना पत्रकारांपुढे येऊन खुलासा करावा लागला.

ज्या बैठकीच्या विषयपत्रिकेकडे पाहून बहुतेक लोक पान उलटतील, अशा बैठकीत ही माहिती बाहेर आली. खासगी अवकाश-उड्डाणे आणि पुन्हा वापरता येणारी रॉकेटे या विषयात रस असणाऱ्या वाचकाला आज अशा बैठका, काँग्रेसच्या समित्यांच्या सुनावण्या, परवाना देणाऱ्या यंत्रणेच्या जनसुनावण्या आणि उद्योगातील प्रमुखांची व्याख्याने असे फार मोठे दालन विनामूल्य खुले आहे. मी गेली काही वर्षे ते नियमाने पाहत, ऐकत आणि वाचत आलो आहे. एखाद्या सशुल्क सेवेचे करावे तितक्याच काटेकोरपणे त्याचे परीक्षण करावे, असे मला बरेच दिवस वाटत होते, कारण येथे पैसे द्यावे लागत नसले तरी वेळ द्यावा लागतो आणि एका सुनावणीला दोन तास सहज जातात.

माझे मत आधीच सांगतो. या सेवेतील सर्वांत मौल्यवान वस्तू म्हणजे तिची जुनी नोंद आहे. त्या दिवशी थेट प्रसारण पाहिल्याने जेवढे कळते, त्याच्या कितीतरी पट अधिक पाच किंवा दहा वर्षांनी तीच साक्ष पुन्हा उघडून वाचल्याने कळते. रॉकेटच्या व्यवसायात आश्वासनाची मुदत दशकाने मोजावी लागते. त्यामुळे ज्याने जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत, तारखेसह, कोणालाही बदलता येणार नाही अशा ठिकाणी जपलेले असणे, ही लहान गोष्ट नाही.

याचे सर्वांत चांगले उदाहरण १२ मे २०१० रोजी सिनेटच्या वाणिज्य समितीपुढे झालेली सुनावणी आहे. ओबामा सरकारने कॉन्स्टेलेशन हा चंद्रमोहिमेचा कार्यक्रम गुंडाळून अंतराळवीरांना स्थानकापर्यंत नेण्याचे काम खासगी कंपन्यांवर सोपवायचे ठरवले होते आणि त्याविरुद्ध बोलायला चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग आणि तेथून शेवटी निघालेले युजीन सर्नन हे दोघे एकाच दिवशी समितीपुढे आले होते. सर्नन यांनी सांगितले, की आपल्या अनुभवानुसार खासगी क्षेत्राला पृथ्वीनजीकच्या कक्षेत सुरक्षितपणे आणि परवडणाऱ्या खर्चात पोहोचायला दहा वर्षे लागू शकतील. त्या वेळी अनेकांना हे जुन्या पिढीच्या माणसाचे निराशावादी बोलणे वाटले. पुढे ३० मे २०२० रोजी स्पेसएक्सच्या ड्रॅगन यानातून डग हर्ली आणि बॉब बेनकेन स्थानकाकडे निघाले, तेव्हा त्या साक्षीला दहा वर्षे आणि जेमतेम अडीच आठवडे झाले होते. सर्नन हे पाहायला नव्हते. जानेवारी २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले होते.

मात्र ही साक्ष पुन्हा वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात येते आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. कालावधीचा अंदाज बरोबर ठरला, तरी त्यामागची शंका तेवढी बरोबर ठरली नाही. ३० मे २०२० रोजी ड्रॅगनला वर नेणाऱ्या फाल्कन ९ या रॉकेटचा पहिला टप्पा समुद्रातील जहाजावर परत उतरला, पुन्हा पुन्हा उडाला आणि १९ उड्डाणे पूर्ण करून डिसेंबर २०२३ मध्ये परतीच्या प्रवासात जहाजावरच आडवा होऊन मोडला. २०१० च्या त्या दालनात बसलेल्या कोणाच्याही प्रश्नात असे काही घडू शकेल याची चाहूल नव्हती. सुनावणी वर्तमानाचे भान चांगले देते. तंत्रज्ञान कोठे झेप घेणार हे तिच्यातून क्वचितच दिसते, आणि प्रेक्षकाने तिच्याकडून तशी अपेक्षाही ठेवू नये.

काँग्रेसच्या सुनावणीची रचना नव्या प्रेक्षकाने आधी समजून घेतली पाहिजे, नाहीतर पहिल्या अर्ध्या तासातच कंटाळा येतो. अध्यक्ष आणि विरोधी पक्षाचे प्रमुख सदस्य यांची प्रास्ताविके होतात. मग प्रत्येक साक्षीदार साधारण पाच मिनिटे बोलतो. त्यानंतर एकेक सदस्य पाच-पाच मिनिटे प्रश्न विचारतो. प्रतिनिधिगृहात हे घड्याळ विशेष कडक असते. साक्षीदार पाच मिनिटांत जे बोलतो तो त्याच्या लेखी निवेदनाचा सारांश असतो आणि ते निवेदन समितीच्या संकेतस्थळावर बहुधा त्याच दिवशी उपलब्ध होते. माझा अनुभव असा, की निवेदने आधी वाचून मग चित्रफीत पाहिली तर दोन तासांचे मोल दुप्पट होते, कारण साक्षीदाराने लिहिलेले काय बोलून दाखवले आणि काय बोलण्यात गाळले हे तेव्हाच कळते.

याहून कमी लोकांना ठाऊक असलेला भाग सुनावणीनंतरचा आहे. वेळेअभावी राहिलेले प्रश्न सदस्य साक्षीदारांकडे लेखी पाठवतात आणि त्यांची लेखी उत्तरे सुनावणीच्या छापील नोंदीच्या शेवटी जोडली जातात. ही नोंद सरकारी प्रकाशन कार्यालयाकडून यायला कित्येक महिने लागतात आणि तोपर्यंत बातमीदारांचे लक्ष दुसरीकडे गेलेले असते. परंतु आकडे, कराराच्या अटी, चाचण्यांची संख्या असा कोरडा आणि उपयोगाचा मजकूर बहुतेक वेळा त्याच पानांत सापडतो. कॅमेऱ्यापुढे बोलताना जो साक्षीदार ‘आम्ही त्यावर काम करत आहोत’ एवढेच म्हणतो, त्यालाही लेखी उत्तरात काहीतरी ठोस लिहावे लागते.

एखाद्याने या सेवेची ओळख करून घेण्यासाठी एकच सुनावणी निवडायची असेल, तर मी ५ मार्च २०१४ ची निवडेन. सिनेटच्या संरक्षणविषयक विनियोग उपसमितीपुढे, डिक डर्बिन यांच्या अध्यक्षतेखाली, स्पेसएक्सचे इलॉन मस्क आणि युनायटेड लाँच अलायन्सचे मायकेल गॅस हे दोन स्पर्धक एकाच मेजाशी बसले होते. सोबत काँग्रेससाठी सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या जीएओ या संस्थेच्या अधिकारी आणि जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाचे स्कॉट पेस होते. बोइंग आणि लॉकहीड मार्टिन यांनी २००६ मध्ये मिळून स्थापन केलेली ही अलायन्स लष्करी उपग्रहांची जवळजवळ सर्व मोठी उड्डाणे करीत होती आणि हवाई दलाने तिच्याकडून ३६ रॉकेट-गाभ्यांची, म्हणजे रॉकेटच्या मुख्य भागांची, एकगठ्ठा खरेदी ठरवली होती. मस्क यांचा मुद्दा किमतीचा आणि स्पर्धेचा होता, गॅस यांचा मुद्दा अखंड यशाच्या इतिहासाचा होता, आणि दोन्ही मुद्द्यांत तथ्य होते. त्यातच अलायन्सच्या ॲटलास ५ या रॉकेटला आरडी-१८० हे रशियन इंजिन लागत असे आणि क्रिमियाचे संकट नुकतेच पेटले होते. देशाच्या सुरक्षेचे उपग्रह दुसऱ्या देशाच्या इंजिनावर विसंबून ठेवावेत का, हा प्रश्न त्या दिवशी अगदी उघडपणे विचारला गेला आणि अध्यक्षांनी दोन्ही प्रमुखांना परस्परांसाठी लेखी प्रश्न देण्याचीही मुभा दिली.

या सुनावणीनंतरचा घटनाक्रम सोबत ठेवून ती पाहावी. सात आठवड्यांनी, २५ एप्रिलला, मस्क यांनी वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये त्या खरेदीला न्यायालयात आव्हान देत असल्याचे जाहीर केले. जानेवारी २०१५ मध्ये तो वाद तडजोडीने मिटला. मे २०१५ मध्ये हवाई दलाने फाल्कन ९ ला लष्करी उपग्रहांसाठी प्रमाणित केले. आणि जून २०२१ मध्ये आधी वापरलेल्या बूस्टरवरून, म्हणजे पहिल्या टप्प्यावरून, पहिल्यांदाच एक जीपीएस उपग्रह कक्षेत गेला. ज्या ग्राहकाला २०१४ मध्ये नवे कोरे फाल्कनही अजून तपासून घ्यायचे होते, त्याच ग्राहकाने सात वर्षांनी वापरलेले रॉकेट स्वीकारले. एप्रिलच्या त्याच पत्रकार परिषदेत मस्क यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती म्हणजे आठवडाभरापूर्वीच्या मालवाहू उड्डाणात पहिला टप्पा समुद्राच्या पृष्ठभागावर हळुवार उतरला होता. बहुतेक मथळे खटल्याला मिळाले. आज मागे वळून पाहता, मोठी बातमी दुसरी होती.

आता व्याख्यानांकडे वळतो. त्यांचे चित्रण उत्तम असते, आवाज स्वच्छ असतो, पडद्यावर सुंदर आकृत्या असतात, आणि याच कारणांमुळे मी त्यांना सुनावण्यांच्या खालचे स्थान देतो. २९ सप्टेंबर २०११ रोजी नॅशनल प्रेस क्लबमध्येच मस्क यांनी संपूर्ण पुनर्वापराची कल्पना मांडली, तेव्हाच्या चित्रफितीत फाल्कनचे दोन्ही टप्पे परत येऊन पायांवर उतरताना दाखवले होते. पहिला टप्पा २१ डिसेंबर २०१५ ला फ्लोरिडात खरोखरच उतरला; दुसरा टप्पा मात्र फाल्कनच्या बाबतीत कधीच परत वापरला गेला नाही आणि ते उद्दिष्ट कंपनीच्या स्टारशिप या नव्या, मोठ्या रॉकेटकडे गेले. २७ सप्टेंबर २०१६ रोजी मेक्सिकोतील ग्वादालाहारा येथे आंतरराष्ट्रीय अंतराळ परिषदेत मस्क यांनी मांडलेले स्टारशिपचे पूर्वरूप १२ मीटर व्यासाचे, कार्बन तंतूंचे आणि ४२ इंजिनांचे होते. वर्षभराने ऑस्ट्रेलियातील ॲडलेडमध्ये तेच ९ मीटरचे झाले, आणि पुढे कार्बन तंतूंच्या जागी पोलाद आले.

यात मला फसवणूक दिसत नाही. अभियंते आराखडे बदलतात आणि ते बदलले पाहिजेत. परंतु मंचावरचे व्याख्यान त्या दिवसाचा आराखडा अंतिम असल्यासारखा मांडते आणि प्रश्न विचारणारे बहुधा चाहते असतात. ग्वादालाहारा येथील प्रश्नोत्तरांचा भाग तर इतका भरकटला, की यानातील प्रवाशांचे किरणोत्सर्गापासून रक्षण आणि जीवनसाहाय्य यांसारख्या कळीच्या प्रश्नांना पुरेसा वेळच मिळाला नाही. समितीतला एखादा सदस्य आपल्या मतदारसंघातल्या कारखान्यासाठी बोलत असेल, तरीही तो पैशाचा प्रश्न विचारतोच, आणि हा फरक दोन्ही प्रकारच्या चित्रफिती लागोपाठ पाहिल्यावर ठळक दिसतो.

याला अपवाद आहेत आणि ते नोंदवले पाहिजेत. स्पेसएक्सच्या अध्यक्षा ग्विन शॉटवेल यांची उद्योग-परिषदांतील भाषणे मी आवर्जून ऐकतो, कारण त्या ग्राहकांपुढे बोलतात आणि ग्राहकाला खर्च व वेळापत्रक हवे असते. ३० मार्च २०१७ रोजी एसईएस कंपनीचा उपग्रह वापरलेल्या बूस्टरवरून गेल्यानंतर काही दिवसांतच कोलोरॅडोतील अवकाश-संमेलनात त्यांनी सांगितले, की त्या बूस्टरची डागडुजी करायला नव्याच्या निम्म्याहून बराच कमी खर्च आला. हे विधान छोटे असले तरी पुनर्वापराच्या अर्थशास्त्राची किल्ली त्यात आहे.

आणि नेमके हेच अर्थशास्त्र सुनावण्यांत फारसे येत नाही, ही माझी या सेवेविषयीची सर्वांत मोठी तक्रार आहे. उतरण्यासाठी इंधन राखून ठेवले की उपग्रहाचे वजन कमी करावे लागते. पाय, जाळीदार पंख, जहाज, तपासणी आणि दुरुस्ती यांचा खर्च येतो. आणि हे सारे भरून निघायला तेच रॉकेट किती वेळा उडाले पाहिजे, यावर या क्षेत्रात गंभीर मतभेद होते. अलायन्सचे तत्कालीन प्रमुख टोरी ब्रुनो यांचे म्हणणे असे होते, की ताफ्याची सरासरी सुमारे दहा उड्डाणे झाली तरच पुनर्वापर परवडतो; मस्क यांनी २०२० मध्ये उत्तर दिले, की दोन उड्डाणांत खर्च जुळतो आणि तिसऱ्यापासून फायदा सुरू होतो. हा वाद समाजमाध्यमांवर, तुटक वाक्यांत झाला. तो जीएओच्या लेखापालांसमोर, दोन्ही बाजूंचे आकडे मेजावर ठेवून, एखाद्या उपसमितीने तीन तास चालवला असता, तर करदात्यांना आणि अभ्यासकांना किती उपयोग झाला असता!

परवान्यांच्या प्रश्नावर मात्र सुनावण्या समृद्ध आहेत. अमेरिकेत व्यापारी रॉकेटला परवाना संघीय हवाई वाहतूक प्रशासन, म्हणजे एफएए, देते. २००४ च्या कायद्याने प्रवाशांच्या सुरक्षिततेविषयी नियम करण्यास एफएएला आठ वर्षांची बंदी घातली, कारण उद्योग नवा आहे, त्याला आधी शिकू द्यावे, असे मानले गेले. प्रवाशाने धोका समजून लेखी संमती द्यावी ही मुख्य अट राहिली. ही मुदत वारंवार वाढत गेली आणि २०२४ च्या कायद्याने ती १ जानेवारी २०२८ पर्यंत नेली. १८ ऑक्टोबर २०२३ रोजी सिनेटच्या अवकाश उपसमितीपुढे स्पेसएक्सचे बिल गर्स्टनमायर, ब्लू ओरिजिनचे फिल जॉयस, व्हर्जिन गॅलॅक्टिकच्या सिरिषा बांदला आणि एफएएच्या परवाना विभागाचे माजी प्रमुख वेन मॉन्टीथ अशा साक्षीदारांनी यावर आपली मते मांडली. गर्स्टनमायर हे आधी अनेक वर्षे नासाच्या मानवी उड्डाणांचे प्रमुख होते. एफएएच्या परवाना विभागाला किमान दुप्पट मनुष्यबळ व साधने द्यावीत, असे ते म्हणाले. ज्या कंपनीला परवान्याच्या विलंबाचा राग आहे, तिनेच नियामकाला बळ द्यावे असे सांगणे, हे मला त्या दिवशी सर्वांत अर्थपूर्ण वाटले.

एफएएच्या जनसुनावण्या हा वेगळाच प्रकार आहे आणि त्यांना मी या सेवेचा हृदयस्थ भाग मानतो. टेक्सासमधील बोका चिका येथून स्टारशिप उडवण्याच्या पर्यावरणीय मूल्यांकनाचा मसुदा सप्टेंबर २०२१ मध्ये आला आणि १८ व २० ऑक्टोबरला आभासी सुनावण्या झाल्या. प्रत्येक वक्त्याला तीन मिनिटे होती. कोणी माणसाने मंगळावर जावे म्हणून मनापासून पाठिंबा देत होते. कोणी समुद्रकिनाऱ्याकडे जाणारा एकमेव रस्ता किती तास बंद राहणार, पाणथळीतल्या पक्ष्यांच्या घरट्यांचे काय होणार, हे विचारत होते. अधिकारी उत्तर देत नाहीत, फक्त ऐकतात. त्यामुळे प्रथम ऐकणाऱ्याला हे सारे हवेत विरून जाते असे वाटेल. परंतु एफएएकडे एकूण १८,००० हून अधिक अभिप्राय पोहोचले आणि १३ जून २०२२ रोजी आलेल्या अंतिम मूल्यांकनात ७५ हून अधिक उपाययोजना कंपनीवर बंधनकारक करण्यात आल्या. रस्ता वर्षाला किती तास बंद ठेवता येईल याची मर्यादाही त्यात घातली होती. तीन मिनिटांची ती भाषणे आणि नंतरचा तो दस्तऐवज शेजारी ठेवून वाचण्यासारखे नागरिकशास्त्राचे दुसरे शिक्षण मला ठाऊक नाही.

त्याच दस्तऐवजाची दुसरी बाजूही आहे. २० एप्रिल २०२३ च्या स्टारशिपच्या पहिल्या एकत्रित उड्डाणात इंजिनांच्या मार्‍याने उड्डाणतळाखालचे काँक्रीट फुटून दूरवर उडाले, आणि चौकशीनंतर एफएएने ६३ सुधारणा करायला लावल्या. मूल्यांकन लिहिणाऱ्यांना हा प्रकार आधी दिसला नव्हता.

थेट प्रसारणांपैकी मला सर्वांत परिपूर्ण वाटलेली बैठक २८ जुलै २०१५ ची आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये व्हर्जिन गॅलॅक्टिकचे स्पेसशिपटू हे पुन्हा वापरता येणारे यान चाचणीत हवेतच मोडले, सहवैमानिक मायकेल आल्सबरी यांचा मृत्यू झाला आणि वैमानिक पीटर सीबोल्ड बचावले. चौकशी राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने केली आणि निष्कर्ष जाहीर बैठकीत, सदस्यांनी तपास अधिकाऱ्यांना एकेक प्रश्न विचारत, सर्वांसमोर निश्चित केले. शेपटीकडील वळणाऱ्या पंखांचे कुलूप ध्वनीच्या १.४ पट वेगाला उघडायचे होते, ते ०.८ पटीलाच उघडले गेले आणि हवेच्या जोराने पंख आपोआप वळले, इतकी साधी ही घटना होती. मंडळ मात्र मृत वैमानिकाच्या चुकीवर थांबले नाही. एका माणसाच्या एका चुकीने यान मोडू शकते, याचा विचारच निर्मात्या कंपनीने, स्केल्ड कंपोझिट्सने, केला नव्हता, हे त्यांनी मुख्य कारण म्हणून नोंदवले आणि परवाना देणाऱ्या यंत्रणेच्या त्रुटींवरही बोट ठेवले. भाषा शांत होती, कोणाचा अपमान नव्हता, आणि मृताविषयी पूर्ण आदर होता. कोणत्याही जाहीर चौकशीने असेच व्हावे, असे मला वाटते.

तांत्रिक बाजूंविषयी थोडक्यात सांगतो. एका समितीच्या चित्रफितीत पहिली वीस मिनिटे फक्त स्थिर पाटी होती आणि पुढे नेमके कोण केव्हा बोलले याची अनुक्रमणिका नव्हती; मला हवे असलेले चार मिनिटांचे उत्तर शोधायला पाऊण तास लागला. आपोआप तयार होणारी उपशीर्षके कंपन्यांची आणि इंजिनांची नावे ओळखू न येण्याइतकी बिघडवतात, त्यामुळे त्यांच्या आधारे कोणाचे वाक्य उद्धृत करू नये. एका जनसुनावणीत माझी जोडणी दोनदा तुटली आणि मधल्या वक्त्यांचे बोलणे हुकले. संपूर्ण ध्वनिमुद्रण पुढे मिळाले, पण त्यासाठी बरीच शोधाशोध करावी लागली. जुन्या नोंदी अनेक संकेतस्थळांवर विखुरलेल्या आहेत आणि समितीचे बहुमत बदलले की पानांचे पत्तेही बदलतात. म्हणून लेखी निवेदने मी मिळताक्षणी उतरवून ठेवतो, आणि नव्या प्रेक्षकानेही तसेच करावे.

ज्यांना केवळ उड्डाणाचा थरार हवा आहे, त्यांच्यासाठी ही सेवा नाही. १३ ऑक्टोबर २०२४ रोजी स्टारशिपचा सुपर हेवी हा बूस्टर मनोऱ्याच्या बाहूंनी हवेत पकडला गेला, त्या क्षणाची चित्रफीत त्यांनी जरूर पाहावी. पण तो बूस्टर तेथे उडण्याआधी कोणी परवानगी मागितली, कोणी हरकत घेतली, कोणत्या अटीवर होकार मिळाला आणि पैसे कोणाचे होते, हे जाणून घ्यायचे असेल, तर याला पर्याय नाही. पत्रकार, अभियांत्रिकीचे विद्यार्थी, कायद्याचे अभ्यासक आणि अवकाश-उद्योगात पैसे गुंतवू पाहणारे, या सर्वांना मी आठवड्यातून एक सुनावणी पाहण्याची शिफारस करीन आणि सुरुवात २०१४ च्या त्या मेजापासून करायला सांगेन.

साक्षीदारांच्या निवडीविषयी एक अपेक्षा मात्र ठेवावीशी वाटते. मी पाहिलेल्या सुनावण्यांत मेजाशी कंपन्यांचे अधिकारी असतात, आजी-माजी नियामक असतात, प्राध्यापक आणि वकील असतात. १ जानेवारी २०२८ ची मुदत जवळ येईल तशा प्रवाशांच्या सुरक्षिततेवर आणखी सुनावण्या होतील, आणि तेव्हा स्वतःच्या खिशातून तिकीट काढून, संमतिपत्रावर सही करून वर जाऊन आलेल्या एखाद्या प्रवाशालाही तेथे बोलवावे. सही करण्यापूर्वी त्याला नेमके काय सांगण्यात आले होते आणि त्यातले किती समजले होते, हे त्याने पाच मिनिटांत सांगितलेले मला ऐकायचे आहे.